पॅरिसच्या सहाव्या मजल्यावर दोघांचं जेवण

'या कधीतरी चहाला' असं आपण जिन्यात भेटलेल्या माणसालाही म्हणतो. पॅरिसमध्ये तसं कुणी म्हणत नाही. इथे ओळख कॅफेत होते, कॅफेतच वाढते, आणि घराचं दार बऱ्याच उशिरा उघडतं. म्हणून एकटी राहणारी बाई जेव्हा कुणाला "शनिवारी माझ्याकडे जेवायला ये" असं म्हणते, तेव्हा त्या वाक्याचं वजन दोघांनाही ठाऊक असतं. या शहरातल्या जवळजवळ निम्म्या घरांत एकच माणूस राहतो. त्यामुळे हे जेवण कसं करायचं याची एक पक्की रीतच इथल्या बायकांमध्ये पडून गेली आहे. फ्रेंच मैत्रिणींच्या हाताखाली ती शिकता येते आणि पुढे अंगवळणी पडते. इथे शिकायला किंवा नोकरीला येणाऱ्या मराठी मुली नेमकं हेच विचारतात, म्हणून ती इथे पूर्ण लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक फरक मनात पक्का करायला हवा. आपल्याकडे रांधणारी शेवटी बसते. तव्यावरची पोळी थेट पानात पडते, वाढणारी उभी असते आणि पाहुणा जेवत असतो. इथे घरची बाई खुर्चीत बसून काटा उचलत नाही तोवर पाहुणा घासही घेत नाही. तुम्ही शेगडीपाशी रेंगाळलात तर त्याची बशी गार होत जाते आणि तो अवघडून बसतो. त्यामुळे बेत ठरवताना 'काय करू' याआधी 'मला किती वेळा उठावं लागेल' हे मोजायचं. माझा हिशेब तीन वेळांचा आहे: एकदा मुख्य पदार्थासाठी, एकदा चीजसाठी, एकदा गोडासाठी. चौथ्यांदा उठावं लागेल असा पदार्थ कितीही चांगला असला तरी तो यादीतून काढते.

इथपर्यंत पोचण्याआधी साधारण दोन भेटी झालेल्या असतात. फ्रेंचमध्ये 'डेट'ला स्वतःचा असा शब्द नाही. 'रांदेव्हू' म्हणजे ठरवलेली भेट, पण ती दातांच्या डॉक्टरकडेही असते, म्हणून तरुण मंडळी हल्ली इंग्रजी शब्दच वापरतात. गाठ कुठे पडते? ऑफिसातल्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला, नाहीतर फोनवर. लग्नाचं बंधन न घालता जोडीदार शोधून देणारी मीतिक ही फ्रेंच साइट 2001 पासून आहे, आणि रस्त्यात तुमच्या जवळून गेलेली माणसं दाखवणारं हॅप्न हे ॲप 2014 मध्ये पॅरिसमध्येच सुरू झालं. विचारताना मात्र सगळे एकच विचारतात: "एक ग्लास घेऊ या का?" तो ग्लास वाइनचाच असला पाहिजे असं मुळीच नाही. पुदिन्याचं सरबत किंवा कॉफीही चालते. वेळ संध्याकाळी सातची. याचा फायदा मोठा आहे: गप्पा रंगल्या तर तिथूनच जेवायला जाता येतं, नाही रंगल्या तर तासाभरात ग्लास संपतो आणि कुणाचाही मान न दुखावता उठता येतं. पॅरिसच्या कॅफेबाहेरच्या खुर्च्या बहुतेक रस्त्याकडे तोंड करून मांडलेल्या असतात, म्हणजे पहिल्या भेटीत समोरासमोर न बसता शेजारीशेजारी बसायचं असतं. अनोळखी माणसाशी बोलायला याहून सोपी मांडणी मला माहीत नाही. शब्द सुचले नाहीत तर रस्ता आहेच. तीच कॉफी काउंटरपाशी उभ्याने घेतली तर स्वस्त पडते, बाहेर बसून घेतली तर महाग. दोन्ही दर लावलेले असतात. सेवाशुल्क बिलातच धरलेलं असतं, वरची टीप ऐच्छिक. पैसे अर्धे-अर्धे वाटणं किंवा 'हा तुझा, पुढचा माझा' म्हणणं, दोन्ही रूढ आहे.

दुसरी भेट चालण्याची ठेवावी. बास्तीयजवळ सुरू होणारी कुले व्हेर्त ही जुन्या रेल्वेमार्गावर केलेली बाग आहे. सुरुवातीला ती विटांच्या कमानींवरून, झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवरून जाते आणि साडेचार किलोमीटर पुढे व्हँसेनच्या रानापर्यंत पोचते. दीड-दोन तास आरामात जातात, पैसे लागत नाहीत, आणि माणूस दुसऱ्यासाठी पावलं हळू करतो की नाही तेही दिसतं.

'तू' की 'तुम्ही' हा प्रश्न मराठी माणसाला इथे कुणी समजावून सांगावा लागत नाही. फ्रेंचमधलं 'त्यू' आणि 'व्हू' म्हणजे आपलं अरे-तुरे आणि अहो-जाहो. इंग्रजीतून फ्रेंच शिकणारे यात वर्षानुवर्षं चाचपडतात, आपल्याला ते कानांनीच कळतं. तिशीच्या आतबाहेरची माणसं फोनवरच्या पहिल्या निरोपापासून 'त्यू' म्हणतात. कामातून झालेली ओळख असेल तर 'व्हू' राहतं, आणि मग कुणीतरी "आपण एकमेकांना 'त्यू' म्हणू या का?" असं विचारावं लागतं. हे विचारायला लाजू नये. जेवायला बोलावण्याआधी हे झालेलंच असावं. अहो-जाहो करत मेणबत्तीच्या उजेडात कोंबडीची तंगडी खाणं दोघांनाही जड जातं.

आता शनिवार. किंबहुना शुक्रवार रात्र, कारण गोड आदल्या रात्री करून ठेवायचं असतं.

माझी निवड चॉकलेट मूसची. कारण अगदी व्यावहारिक आहे: एकटीच्या घरात बहुधा ओव्हन नसतो. पॅरिसमध्ये भाड्याने देण्याच्या घराची किमान जागा कायद्याने 9 चौरस मीटर आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने जेमतेम 97 चौरस फूट. जुन्या इमारतींत जस्ताच्या छपराखाली मोलकरणींसाठी बांधलेल्या खोल्या आज अशाच भाड्याने जातात. 18–20 चौरस मीटर मिळालं तर ठीकठाक. त्यात दोन विजेच्या शेगड्या, गुडघ्याएवढा फ्रिज आणि बेसिन. एवढ्या सामानात मूस उत्तम होतं. 100 ग्रॅम काळं चॉकलेट, 65–70 टक्के कोकोचं, आणि 3 अंडी. यात दोघांचं होऊन एक वाटी उरते. अंडी कच्चीच राहतात, म्हणून खोक्यावर 'एक्स्ट्रा-फ्रे' लिहिलेलीच घ्यावीत. अंडं घातल्यापासून नऊ दिवसांपर्यंतच त्यांना असं म्हणता येतं. कवचावर छापलेला पहिला आकडा कोंबडीचं जगणं सांगतो: 0 म्हणजे सेंद्रिय, 1 म्हणजे मोकळ्यावर फिरणारी, 3 म्हणजे पिंजऱ्यातली.

चॉकलेटचे तुकडे वाडग्यात घालून वाडगं गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवायचं, त्याचा तळ पाण्याला टेकू द्यायचा नाही. इथे पहिली फजिती होते: पाण्याचा एक थेंब किंवा ओला चमचा चॉकलेटमध्ये गेला की ते दाणेदार होऊन आळतं, कारण त्यातली साखर आणि कोको त्या थेंबाभोवती गोळा होतात. वितळलेलं चॉकलेट बोटाला कोमट लागेपर्यंत थांबावं. गरमच असताना बलक घातले तर ते शिजून गुठळ्या होतात, फार गार झालं तर पांढऱ्यात मिसळत नाही. पांढरं चिमूटभर मीठ घालून हाताने फेटायला पाचसात मिनिटं लागतात. वाडग्याला तुपाचा हात लागलेला असेल किंवा बलकाचा ठिपका पडला असेल तर कितीही फेटा, ते फुगत नाही. टोक उभं राहिलं की थांबायचं. आणखी फेटलं तर ते कोरडं पडून कापसासारखं तुटतं आणि मूसमध्ये पांढरे कण दिसत राहतात. आधी तिसरा हिस्सा बिनधास्त ढवळून चॉकलेट सैल करायचं, उरलेलं मात्र खालून वर, अलगद. मग वाट्यांत भरून फ्रिजमध्ये. चार तास किमान, रात्रभर असेल तर बरं.

समोरचा अंडी खात नसेल (हे आधी विचारायचंच, इथे विचारणं शिष्टाचारात बसतं) तर श्रीखंड. फ्रोमाज ब्लाँ नावाचं मऊ ताजं चीज प्रत्येक दुकानात मिळतं. त्याचं पूर्ण सायीचं 500 ग्रॅम मलमलच्या फडक्यात बांधून, गाळणीत ठेवून, फ्रिजमध्ये रात्रभर निथळू दिलं की साधारण निम्मा चक्का मिळतो. साय काढलेलं, डब्यावर शून्य टक्के लिहिलेलं घेऊ नका, त्याचा चक्का भरभरीत होतो. साखर 70–80 ग्रॅमच घालावी, इथल्या जिभेला आपली गोडी फार वाटते. केशर आणि वेलची गार द्यू नॉरच्या मागे, ला शापेलच्या श्रीलंकन तमिळ दुकानांत मिळते.

शनिवारी सकाळी बाजार. आलीग्रचा बाजार मला सगळ्यांत आवडतो, बाराव्या विभागातला. सोमवार सोडून रोज सकाळी भरतो, दुपारी एक-दीडला आवरतो. तिथे अजून लोक 'एक लिव्र द्या' म्हणतात. लिव्र म्हणजे जुना पौंड, पण आता त्याचा अर्थ सरळ अर्धा किलो. आपल्या तोंडातला पावशेर जसा 250 ग्रॅमवर येऊन बसला, तसंच. बऱ्याच गाड्यांवर भाजीला हात लावायचा नसतो, विक्रेता निवडून देतो. त्याला 'आज रात्रीसाठी' हे दोन शब्द सांगितले की काम होतं.

सुरुवातीच्या पदार्थासाठी चार बारीक लीक, म्हणजे कांद्याच्या जातीची लांब दांड्याची भाजी. जाडजूड घेतल्या तर आतला दांडा दोरेदार लागतो. मुख्य पदार्थासाठी कोंबडीच्या दोन तंगड्या, मांडीसकट, प्रत्येकी साधारण सव्वादोनशे ग्रॅम. लाल चौकोनाचं 'लाबेल रूज' चिन्ह असलेल्या कोंबड्या किमान 81 दिवस वाढवलेल्या असतात. मांस घट्ट असतं, मंद आचेवर सुटून जात नाही. स्वस्त कोंबडी पाणी सोडते आणि कातडं कधीच लालसर होत नाही. रात नावाचे बोटाएवढे बटाटे 400 ग्रॅम, एक एशालोत म्हणजे छोटा गोडसर कांदा, आणि दाट क्रेम फ्रेश, 30 टक्के स्निग्धांशाचीच. हलकी मलई वाइनच्या आंबटपणाने फाटते. दिजाँची मोहरी, म्हणजे बाटलीत मिळणारी वाटलेली मोहरी, घरात असतेच.

चीजच्या दुकानात घाई करू नये. दुकानदार विचारतो, "कधी खाणार?" हा गप्पांचा प्रश्न नाही. आज रात्री म्हणालात तर तो कॅमेंबेर या मऊ चीजचं खोकं उघडून अंगठ्याने दाबून पिकलेलं देतो, दोन दिवसांनी म्हणालात तर अजून मध्यभागी खडूसारखं पांढरं असलेलं. दोघांसाठी तीन प्रकार पुरेत: एक कडक, एक मऊ, एक शेळीच्या दुधाचं. मी 18 महिने मुरवलेल्या कोंते या कडक चीजचा 80 ग्रॅमचा तुकडा, अर्धं कॅमेंबेर आणि एक छोटं शेळीचं गोल चीज घेते. दुकानदार सुरी टेकवून दाखवतो, तुम्ही 'थोडं कमी' किंवा 'थोडं जास्त' सांगायचं. कमी सांगण्यात काही कमीपणा नाही.

ब्रेड दुपारनंतर घ्यावा. बगेत, म्हणजे लांब दांड्यासारखा ब्रेड, मागताना 'त्रादिस्यों' म्हणायला विसरू नका. 13 सप्टेंबर 1993 च्या सरकारी हुकमानुसार या नावाच्या ब्रेडमध्ये पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण एवढंच मुख्यतः असतं, रासायनिक भर घालता येत नाही आणि कुठल्याही टप्प्यावर गोठवता येत नाही. साधी बगेत दिसायला तशीच, पण संध्याकाळपर्यंत ती कापसासारखी होते. अर्धी बगेतही मागता येते, एकटी राहणारी बाई रोज तेच करते. आज मात्र पूर्ण. फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीत त्यातला स्टार्च लवकर घट्ट होतो आणि ब्रेड बाहेर ठेवल्यापेक्षा आधी शिळा होतो. वाइन एकच बाटली, बर्गंडीतल्या माकों भागातली पांढरी. 75 सेंटिलिटरमधले 10 कोंबडीत जातात, उरलेल्यात पाच ग्लास होतात. दोघांना तेवढे भरपूर.

संध्याकाळी पाचला लीक. मुळाकडचा भाग न तोडता वरच्या बाजूने उभी चीर द्यायची, वळवून आणखी एक, आणि पात्यांचं तोंड खाली करून वाहत्या पाण्याखाली धुवायची. उलटी धरली तर माती आत जाते आणि पहिल्याच घासाला दाताखाली कचकचते. खारवलेल्या उकळत्या पाण्यात 15 मिनिटं, सुरी सहज आरपार जाईपर्यंत. मग कापडावर ठेवून हलकेच दाबून पाणी काढायचं. बहुतेकांची चूक इथेच होते. ओल्या लीकवर कितीही चांगलं व्हिनेग्रेत घातलं तरी बशीत पाणी साचतं. व्हिनेग्रेत असं: एक चमचा मोहरी, एक मोठा चमचा रेड वाइनचा व्हिनेगर, मीठ. मीठ आधी व्हिनेगरमध्येच विरघळवायचं, तेलात ते विरघळत नाही. मग तीन मोठे चमचे तेल, धारेने, ढवळत. लीक कोमट असतानाच वर घालायचं आणि उकडलेलं एक अंडं किसून पसरायचं. या दोन बशा भरून थेट टेबलावर. पाहुणा येण्याआधी पहिला पदार्थ जागेवर असतो, म्हणजे उठण्याचा एक फेरा वाचला.

सहाला कोंबडी. कातडं कागदाने कोरडं पुसून, गरम कढईत कातडं खाली. आठ-दहा मिनिटं हलवायचं नाही. चिकटलं तर अजून झालं नाही असं समजावं, लाल झालं की ते आपोआप सुटतं. उलटून चिरलेली एशालोत, मग 10 सेंटिलिटर वाइन, तळाला लागलेलं सगळं लाकडी चमच्याने खरवडून घ्यायचं, चव त्यातच आहे. वाइन निम्मी आटली की झाकण ठेवून 25–30 मिनिटं मंद आचेवर. मग शेगडी बंद. मोहरी आणि मलई आत्ता घालायची नाही. मोहरी उकळली की तिखटपणा उडतो आणि कडवट चव मागे राहते. बटाटे दुसऱ्या शेगडीवर गार पाण्यापासून, 15–20 मिनिटं, मग निथळून झाकून. एक सूचना, जी न पाळल्याने पॅरिसच्या छोट्या घरांत कितीदा अंधार होतो: अशा घरांचं वीजमीटर बहुधा 3 किलोव्होल्ट-अँपिअरचं असतं. दोन्ही शेगड्या चालू असताना चहाची किटली लावली की खटका पडतो.

सातला खिडकी उघडायची, अर्धा तास. 18 चौरस मीटरमध्ये तळणीचा वास पलंगावरच्या चादरीत जातो आणि पाहुण्याचा कोट त्याच पलंगावर ठेवायचा असतो. याच वेळी चीज फ्रिजबाहेर काढायचं. गार चीजला चव नसते, एक-दीड तासात ते मोकळं होतं.

निरोप सकाळीच पाठवलेला असावा: पत्ता, खालच्या दाराचा कोड, अंगणापलीकडचा जिना की पुढचा, मजला, डावं दार की उजवं. मजले आपल्यासारखेच, तळमजला सोडून मोजतात. लिफ्ट नसेल तर ते आधी सांगावं. जिन्यातला दिवा ठरावीक वेळाने आपोआप विझतो, बहुधा चौथ्या मजल्याच्या आसपास. बटणावरचा लुकलुकता ठिपका कुठे असतो तेही लिहावं. आणि एका मैत्रिणीला पाहुण्याचं नाव आणि नंबर कळवून ठेवावा. ही सवय इथे सगळ्या जणी पाळतात आणि त्यात अविश्वास नसतो.

आठ म्हणजे सव्वाआठ. पंधरा मिनिटं उशिरा येणं हीच सभ्यता, लवकर येणं नाही. गालाला गाल लावून बीझ, पॅरिसमध्ये दोन. तो बहुधा फुलं आणेल. शेवंतीची नसतील, ती इथे 1 नोव्हेंबरला थडग्यांवर वाहतात. फुलांना भांडं लागतं आणि घरात एकच जग असतो, तो नेमका पाण्याचा. दोन ठेवा.

सुरुवातीचा अर्धा-पाऊण तास आपेरोचा, म्हणजे जेवणाआधीच्या पेयाचा आणि चटकमटक खाण्याचा, टेबलापाशी नाही, खिडकीपाशी. लाल मुळे, लोणी, मीठ, थोडे ऑलिव्ह. मुळ्याला लोणी लावून खाणं ऐकायला विचित्र वाटतं, पण लोणी त्याचा उग्रपणा अगदी बेताने मऊ करतं. ग्लास टेकवताना डोळ्यांत बघायचं, याला इथे खरंच महत्त्व आहे. टेबलाकडे वळण्याआधी कोंबडीखालची शेगडी अगदी मंद लावायची.

लीक संपल्या की पहिलं उठणं. आच बंद करून दोन मोठे चमचे मोहरी आणि 12 सेंटिलिटर मलई ढवळायची, दोन मिनिटांत बशा तयार. ब्रेड बशीत नाही, सरळ टेबलावर ठेवतात, पालथा मात्र कधीच नाही. हात मांडीवर न ठेवता मनगटं टेबलाच्या कडेला. सॉस ब्रेडने पुसून घेणं घरच्या जेवणात कौतुकच समजतात.

आणि आग्रह नाही. "आणखी घेशील?" एकदाच. त्याने नुसतं "मेर्सी", म्हणजे 'आभार', म्हटलं तर त्याचा अर्थ 'नको' असा होतो. पॅरिसमध्ये नवी आलेली कितीतरी माणसं या एका शब्दामुळे अर्धपोटी उठतात. हवं असेल तर "व्होलोंतिए" म्हणायचं, म्हणजे 'आनंदाने'. आपल्या 'घ्या हो, एवढंसं तर आहे' या आर्जवाची मला इथे फार आठवण येते. पण इथे ते दडपण वाटतं, आणि समोरच्याच्या 'नाही'ला पहिल्याच वेळी 'नाही' मानण्याची सवय लागते. या संध्याकाळी ती सवय जेवणापुरती राहत नाही.

दुसरं उठणं चीजसाठी, त्याबरोबर चार पानं कोशिंबीर, उरलेल्या व्हिनेग्रेतची. कॅमेंबेर केकसारखं मध्यातून कापायचं. कोंतेच्या लांब तुकड्याचं टोक एकट्याने उडवायचं नाही, कडेसकट लांबट काप घ्यायचा, म्हणजे आतला मऊ भाग आणि कडेचा कडकपणा दोघांच्या वाट्याला सारखा येतो. सौम्य आधी, उग्र शेवटी. चीजची फळी एकदाच फिरते.

या टप्प्यावर गप्पा बहुधा खऱ्या होतात. एकटं राहण्याविषयी इथे संकोच उरलेला नाही. पूर्वी होता: 25 नोव्हेंबरला, संत कॅथरीनच्या दिवशी, पंचविशी गाठलेल्या अविवाहित मुलींना हिरव्या-पिवळ्या टोप्या घालत. पॅरिसच्या कपड्यांच्या नामवंत पेढ्यांत तो दिवस आता टोप्यांच्या कलाकुसरीचा सण म्हणून उरला आहे. 2012 मध्ये सरकारी अर्जांवरून 'मादम्वाझेल' ही अविवाहितेची वेगळी उपाधी काढून टाकण्यात आली. कु. की सौ. हा रकाना भरत मोठ्या झालेल्या बाईला त्याचं मोल नीट कळतं. जोडीने राहणाऱ्यांना लग्न आहे, 1999 पासून पाक्स नावाचा नोंदणीचा करार आहे, आणि काहीच न करता एकत्र राहणंही आहे. 'आपण आता एकत्र आहोत का' हे मात्र फ्रेंच माणूस सहसा बोलून दाखवत नाही. चुंबन झालं आणि भेटी चालू राहिल्या की तो ते धरून चालतो. तुम्हाला स्पष्ट हवं असेल तर चीज आणि मूसच्या मध्ये विचारा, ही वेळ चांगली आहे. उत्तरात "ज तेम" आलं तर ते प्रेम. "ज तेम ब्यँ" आलं तर शेवटच्या एका शब्दाने ते 'आवडतेस हं' एवढ्यावर येतं. 'ब्यँ' म्हणजे 'चांगलं', पण इथे तो शब्द वजन वाढवत नाही, कमी करतो.

तिसरं उठणं मूससाठी. त्यानंतर हर्बल चहा, व्हेरव्हेनचा. किटली आता बिनधास्त लावा.

शुक्रवारी आणि शनिवारी मेट्रो रात्री सव्वादोनपर्यंत चालते, एरवी सव्वापर्यंत. त्याने राहावं असं वाटत नसेल तर बाराच्या सुमारास "तुझी शेवटची गाडी कधी?" असं सरळ विचारावं. हा प्रश्न इथे उद्धट मानत नाहीत, उलट दोघांचीही सुटका करतो. दहानंतर आवाज खाली, भिंती पातळ असतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याच्याकडून जेवणाबद्दल आभाराचा निरोप यायला हवा. तो चार ओळींचा असेल आणि त्यात लीकचा उल्लेख असेल तर पुढच्या भेटीचं बोलणं त्याच दिवशी होतं.

रविवारी सकाळी अर्धी बगेत उरलेली असते, दगडासारखी. तिचा, फ्रेंचमध्ये म्हणतात तसा, 'हरवलेला ब्रेड' करतात. दोन सेंटिमीटर जाडीचे चार तिरके काप, एक अंडं, 10 सेंटिलिटर दूध, एक मोठा चमचा साखर. शिळा असेल तरच काप तीन मिनिटं भिजून अख्खे राहतात, ताजा विरघळतो. लोण्यावर मध्यम आचेवर प्रत्येक बाजूला तीन मिनिटं. एकटीला चार काप होतात, दोघं असाल तर दोन-दोन.